हॅलो, बोंझूर आणि भांड्यांचा दणदणाट!

एक कोडं घालू? रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पाटी आहे. पाटीच्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलंय ‘मेन’. त्याच्या डावीकडे बारीक अक्षरांत ‘र्‍यू’. आणि उजवीकडे, तशाच बारीक अक्षरांत, ‘स्ट्रीट’.

र्‍यू मेन स्ट्रीट! आता ‘र्‍यू’ म्हणजेही रस्ता आणि ‘स्ट्रीट’ म्हणजेही रस्ता. मग रस्ता एक आणि ‘रस्ता’ हा शब्द दोनदा का बरं?

कर विचार. सुचलं?

त्याचं असं आहे, फ्रेंच बोलणारे लोक आधी ‘रस्ता’ म्हणतात आणि मग त्याचं नाव सांगतात. इंग्रजी बोलणारे आधी नाव सांगतात आणि मग ‘रस्ता’ म्हणतात. म्हणून पाटी रंगवणाऱ्यानं नाव ठेवलं मधे! डावीकडून वाच आणि नावापाशी थांब, झाला फ्रेंच पत्ता. नावापासून वाचायला लाग, झाला इंग्रजी पत्ता. एका पाटीत दोघांचं काम!

ही पाटी आहे कॅनडातल्या मंक्टन नावाच्या शहरात. कॅनडा म्हणजे अमेरिकेच्या डोक्यावर बसलेला तो भला मोठा, थंडगार देश. त्याच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागराजवळ, न्यू ब्रन्सविक नावाचा एक छोटा प्रांत आहे. कॅनडा देशाच्या दोन अधिकृत भाषा आहेत, इंग्रजी आणि फ्रेंच. पण प्रांतांचं पाहशील तर बहुतेक ठिकाणी एकाच भाषेचा वरचष्मा असतो. शेजारच्या क्वेबेक प्रांतात फ्रेंचचा, बाकी बऱ्याच ठिकाणी इंग्रजीचा. दोन्ही भाषांना कायद्यानं बरोबरीचा मान देणारा प्रांत अख्ख्या कॅनडात एकच. आपला न्यू ब्रन्सविक!

इथल्या सरकारी कचेरीत पाऊल टाकलं, की खिडकीपलीकडचे काका किंवा ताई एका दमात म्हणतात, ‘हॅलो, बोंझूर!’ बोंझूर म्हणजे फ्रेंचमधला नमस्कार. यातलं जे तुझं, ते तू उचलायचं. तू ‘हॅलो’ म्हण, पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत. ‘बोंझूर’ म्हण, सगळं फ्रेंचमध्ये. गंमत म्हणजे हे दुहेरी स्वागत कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. तो तिथला नियमच आहे!

तीन शेजारी आणि एक चॉकलेटी नदी

मंक्टनला दोन शेजारी आहेत. एक डिएप, एक रिव्हरव्ह्यू. मंक्टन आणि डिएप तर एकमेकांना इतकी चिकटलेली, की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते पाटी पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

पण बोलणं ऐकलंस की लगेच कळेल! डिएपमध्ये बहुतेक घरांत फ्रेंच. रिव्हरव्ह्यूमध्ये जवळजवळ सगळीकडे इंग्रजी. आणि मधल्या मंक्टनमध्ये दोन्ही. तिथल्या दर दहा माणसांतल्या साधारण तिघांची मातृभाषा फ्रेंच आहे.

मंक्टनचा तो मेन स्ट्रीट चालत चालत डिएपमध्ये शिरतो आणि तिथे त्याचं नाव होतं शॅम्प्लेन स्ट्रीट. रिव्हरव्ह्यूला जायचं असेल तर मात्र पूल ओलांडावा लागतो. मधे पेटिकोडियॅक नावाची नदी आहे ना!

आणि ही नदी! हिचं पाणी गाळानं इतकं तपकिरी, की लोक तिला ‘चॉकलेट नदी’ म्हणतात. त्याहून मोठी गंमत ऐक. ही नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते!

खरंच! ही नदी फंडीच्या उपसागराला मिळते, आणि तिथली भरती जगातली सगळ्यात उंच. काही ठिकाणी समुद्र जवळजवळ १६ मीटर वर चढतो. म्हणजे पाच मजली इमारत बुडेल एवढा! ते सगळं पाणी अरुंद नदीत घुसतं आणि एक लाट नदीच्या उलट्या दिशेनं गावात येते. लोक काठावर उभे राहून तिची वाट बघतात. २०१३ मध्ये दोन सर्फरनी तर फळीवर उभं राहून या लाटेवरून तब्बल २९ किलोमीटर सफर केली!

मंक्टनजवळ नदी काटकोनात वळते. त्या वळणावरूनच गावाची जुनी नावं पडली होती. इंग्रजी लोक म्हणायचे ‘द बेंड’, म्हणजे वळण. फ्रेंच लोक म्हणायचे ‘ल कूद’, म्हणजे कोपर! आणि या दोघांच्याही कितीतरी आधीपासून इथे मिकमाक लोक राहतात. हे इथले मूळ रहिवासी. त्यांची भाषा वेगळीच, इंग्रजीशी किंवा फ्रेंचशी तिचं काहीच नातं नाही.

दुकानातला स्वल्पविराम

चल, आता दुकानात जाऊ. जाहिरातीच्या कागदावर बिस्किटांच्या पुड्याची किंमत छापलीय. इंग्रजी बाजूला $३.९९. फ्रेंच बाजूला ३,९९ $.

नीट बघ हं. डॉलरची खूण उडी मारून मागे गेली! आणि टिंबाच्या जागी स्वल्पविराम आला! फ्रेंच गणितात दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. म्हणजे दोन मैत्रिणी एकाच गल्लीत राहत असतील, पण वेगवेगळ्या भाषांच्या शाळेत जात असतील, तर एकीच्या वहीत ‘अडीच’ हे २.५ असं असेल आणि दुसरीच्या वहीत २,५ असं. उत्तर दोघींचं बरोबर!

दुकानाच्या दारावर वेळ लिहिलेली असते. इंग्रजीत सकाळी ९ ते संध्याकाळी ५. फ्रेंचमध्ये मात्र ९ ते १७! फ्रेंच घड्याळ दुपारी बारानंतर पुन्हा एकपासून सुरू होत नाही, तेरा, चौदा, पंधरा असं पुढेच मोजत जातं. आपल्याकडच्या रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. ही १७ ची गोष्ट लक्षात ठेव बरं का. थोड्या वेळानं तिचं मोठं काम आहे.

नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्सचा खोका उचल. एका बाजूला इंग्रजी, फिरवला की फ्रेंच. हे फक्त मंक्टनमध्ये नाही, अख्ख्या कॅनडात. कायदाच आहे तसा. त्यामुळे जिथे दूरदूरपर्यंत कुणी फ्रेंच बोलत नाही, तिथली मुलंसुद्धा दूध पिता पिता खोक्यावरचे चार फ्रेंच शब्द आपोआप शिकून जातात.

आणि थांबायची लाल पाटी? न्यू ब्रन्सविकमध्ये ठिकठिकाणी तिच्यावर ‘स्टॉप’ आणि ‘आरे’ असे दोन्ही शब्द दिसतात. शेजारच्या क्वेबेकमध्ये बहुतेक पाट्यांवर नुसतं ‘आरे’. आता सांग, फ्रेंच भाषेचं माहेर असलेल्या फ्रान्समध्ये काय लिहीत असतील?

‘स्टॉप’! हो, चक्क इंग्रजी शब्द! फ्रान्समध्ये चारही बाजूंना फ्रेंचच फ्रेंच, म्हणून त्यांना एका इंग्रजी शब्दाची काळजी वाटत नाही. क्वेबेकच्या चारही बाजूंना इंग्रजीचा समुद्र आहे. तिथे एकेक शब्द जपावा लागतो.

डिएपमध्येही आपले शब्द जपायची वेळ आली. गाव फ्रेंच बोलणाऱ्यांचं, पण दुकानांच्या बऱ्याच पाट्या नुसत्या इंग्रजीत! एका विद्यार्थ्याला हे खटकलं. त्यानं लोकांकडून हजारो सह्या गोळा केल्या. शेवटी २०१० मध्ये नगरपालिकेनं नियम केला, की दुकानाबाहेरच्या नव्या पाट्या दोन्ही भाषांत हव्यात. मला ही गोष्ट फार आवडते. पाटी ही केवढीशी वस्तू! पण आपली भाषा गावाच्या भिंतीवर दिसली पाहिजे, असं वाटणं काही लहान नाही.

दोन शाळा, दोन बस

आता तुझ्या आवडीचा विषय. (की नावडीचा?) शाळा!

सकाळची वेळ आहे. रस्त्यावर बर्फ. शेजारशेजारच्या दोन घरांतली दोन मुलं पाठीला दप्तर अडकवून उभी आहेत. एक पिवळी बस येते, पहिला मुलगा चढतो. थोड्या वेळानं दुसरी पिवळी बस येते, दुसरा मुलगा चढतो.

एकाच गल्लीसाठी दोन बस? हो! एक इंग्रजी शाळेची, एक फ्रेंच शाळेची. न्यू ब्रन्सविकमध्ये शाळांचे दोन पूर्ण वेगळे संसार आहेत. शिक्षक वेगळे, पुस्तकं वेगळी, कार्यालयं वेगळी. बससुद्धा सहसा वेगळ्याच.

‘काय हे! पेट्रोल किती वाया जात असेल!’ असं तुला वाटेल. तिथल्या काही मोठ्या माणसांनाही वाटतं, आणि त्यावरून खूप वाद झाले आहेत. पण फ्रेंच बोलणारे आईबाबा म्हणतात, बस वेगळीच हवी. का बरं?

याचं उत्तर तुला ठाऊक आहे. अगदी रोजच्या खेळातलं आहे.

आठव बघ. तुम्ही आठ-दहा जण मैदानावर खेळताय. मस्त मराठीत आरडाओरडा चाललाय. तेवढ्यात एक नवा भिडू येतो. त्याला मराठी येत नाही. मग काय होतं? पाचव्या मिनिटाला सगळी टोळी हिंदी बोलायला लागते! ‘अरे इधर फेक ना!’ कुणी सांगितलं नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं. दहा जणांना दोन भाषा येतात आणि एकाला एकच येते, म्हणून त्या एकाची भाषा जिंकते!

मंक्टनमध्ये नेमकं हेच घडतं. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना बहुधा इंग्रजी येतंच. टीव्हीवर इंग्रजी, गेममध्ये इंग्रजी, दुकानात इंग्रजी. इंग्रजी बोलणाऱ्या बऱ्याच मुलांना मात्र फ्रेंच येत नाही. दोघं एका बसमध्ये बसली, की सगळी बस इंग्रजी बोलणार. कुणी दुष्ट नाही, कुणी जबरदस्ती करत नाही. तरी भाषा हळूच घसरते! म्हणून फ्रेंच शाळा नुसता वर्ग सांभाळत नाही. ती मधली सुट्टीसुद्धा सांभाळते. वर्गातलं फ्रेंच गृहपाठापुरतं असतं. मधल्या सुट्टीतलं फ्रेंच, भांडणातलं, चिडवण्यातलं, ‘मी आउट नव्हतोच!’ म्हणतानाचं फ्रेंच, ते खरं जिवंत!

मलाही आधी दोन बस म्हणजे विचित्रच वाटलं होतं. मैदानाचा विचार केल्यावर पटलं.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठीही एक झकास सोय आहे. ‘इमर्शन’ म्हणतात तिला, म्हणजे सरळ बुडी! शाळा इंग्रजी मुलांचीच, पण गणित, विज्ञान असे विषयही फ्रेंचमधून शिकायचे. विहिरीत उडी मारून पोहायला शिकतात ना, तस्संच. ही कल्पना १९६५ मध्ये क्वेबेकमधल्या सें-लांबेर या गावी सुरू झाली. आपल्या मुलांना शेजाऱ्यांशी बोलता यावं, म्हणून तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या आईबाबांनीच हट्ट धरला होता!

शियाक! शियाक!

आता माझ्या सगळ्यात लाडक्या गोष्टीकडे येऊ. इतका वेळ मी दोन भाषा, दोन भाषा म्हणतेय. पण मंक्टनच्या गल्लीत कान दे. तुला तिसरंच काहीतरी ऐकू येईल!

‘ज’ए पार्के मों शार दां ला ड्राइव्हवे!’

यात ‘पार्के’ आणि ‘ड्राइव्हवे’ ओळखीचे वाटले ना? बाकी सगळं फ्रेंच. अर्थ काय? ‘मी माझी गाडी ड्राइव्हवेमध्ये पार्क केली.’

आणि आता हे मराठी वाक्य पुन्हा वाच. पार्क केली! ड्राइव्हवेमध्ये! आपणही तेच करतो की!

या मिश्र बोलीचं नाव शियाक. मंक्टन आणि आसपासच्या फ्रेंच लोकांची ही घरची, मित्रांमधली बोली. हाडं फ्रेंच व्याकरणाची आणि त्यावर मधे मधे इंग्रजी शब्द. पण ते कसेही फेकलेले नसतात हं! इंग्रजी क्रियापद आलं, की त्याला आधी फ्रेंच शेपूट लावायचं. ‘वॉच’ला शेपूट लावलं की ‘वॉचे’, म्हणजे बघणं. ‘ड्राइव्ह’चं ‘ड्राइव्हे’, म्हणजे गाडी चालवणं. मग मी, तू, ती, आम्ही यांच्याप्रमाणे ते शेपूट बदलायचं, कालही बदलायचा. सगळं शिस्तीत.

आपणही शेपटं लावतो. ‘टेबल’ इंग्रजी, पण ‘टेबलाखाली’ मराठी! ‘पेन्सिल’ इंग्रजी, पण ‘पेन्सिलीनं’ मराठी! कुणी तुला हे शिकवलं नाही. तरी ‘टेबलखाला’ असं तू कधीच म्हणणार नाहीस. शियाक बोलणारी मुलंही अशीच चुकत नाहीत.

शियाकमधला एक वाक्प्रचार मला फारच आवडतो. ‘वरी पा ता ब्रेन!’ म्हणजे काळजी नको करू, डोक्याला ताप नको देऊ. पहिला शब्द इंग्रजी, शेवटचा इंग्रजी, मधे दोन चिमुकले फ्रेंच. परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणून बघ!

आणि तो ‘शार’ शब्द? कॅनडातले बरेच फ्रेंच लोक मोटारीला शार म्हणतात. फ्रान्सच्या माणसाला मात्र शार म्हटलं की रथ नाहीतर रणगाडा आठवतो! ‘मी माझा रणगाडा दारात लावलाय’ असं ऐकून त्याचं काय होत असेल, कल्पना कर!

ही बोली जन्मली कशी? मंक्टन हे रेल्वेचं मोठं गाव होतं. कारखान्यात साहेबाची भाषा इंग्रजी. दुकानातली भाषा इंग्रजी. घरी आल्यावर आजीची भाषा फ्रेंच. दिवसभर एक, रात्री दुसरी. दोन्ही तोंडात राहिल्या आणि एकमेकींत मिसळल्या.

बरीच वर्षं मोठी माणसं शियाकला नाकं मुरडायची. ‘हे धड फ्रेंच नाही, धड इंग्रजी नाही!’ मुलं बिचारी गप्प व्हायची. मला याचं वाईट वाटतं. कारण गप्प झालेलं मूल चांगलं फ्रेंच बोलायला लागत नाही, ते सरळ इंग्रजीकडे वळतं!

पण मग काय झालं सांगू? शियाकला स्वतःचा सुपरहिरो मिळाला! त्याचं नाव अकाडीमॅन. डॅनो लब्लां नावाच्या चित्रकारानं त्याला जन्माला घातलं. आधी कॉमिक्समध्ये, मग टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये. अंगात केप, तोंडात शियाक! आता शियाकमध्ये गाणारे लोकही आहेत आणि त्यांची गाणी दूरदूर ऐकली जातात.

ज्याच्या नावाचं गाव, त्यानंच...

अकाडीमॅनच्या नावात ‘अकाडी’ का आहे? ही गोष्ट जरा दुःखाची आहे, पण ऐकायलाच हवी अशी.

या भागाचं जुनं फ्रेंच नाव अकाडी, म्हणून इथल्या फ्रेंच लोकांना अकेडियन म्हणतात. त्यांचे पूर्वज ४०० वर्षांपूर्वी फ्रान्समधून इथे आले आणि समुद्राला बांध घालून शेती करू लागले. पुढे इंग्लंड आणि फ्रान्सची लढाई जुंपली. इंग्रज म्हणाले, हे फ्रेंच बोलणारे लोक आमच्यावर उलटतील. आणि १७५५ मध्ये त्यांनी अकेडियन लोकांना गावांतून हाकलायला सुरुवात केली. घरं जाळली. हजारो माणसांना जहाजांत भरून दूरदूर नेऊन सोडलं. कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली. काही जण तर अमेरिकेत थेट लुइझियानापर्यंत पोचले. तिथे आज ज्यांना ‘केजन’ म्हणतात, ते हेच. अकेडियनचं घासून घासून केजन झालं!

या हाकलण्याच्या कामात एक इंग्रज अधिकारी पुढे होता. रॉबर्ट मंक्टन.

थांब, नाव ओळखीचं वाटतंय? हो, तेच! गावाला पुढे त्याचंच नाव दिलं गेलं. लिहिताना त्यातलं एक ‘के’ अक्षर तेवढं गळलं, ते आजपर्यंत गळलेलंच आहे.

आणि अकेडियन लोक? काही जण जंगलात लपून राहिले होते. काही जण वर्षानुवर्षं चालत परत आले. त्यांच्या जमिनींवर दुसरेच लोक राहत होते, म्हणून ते नव्या जागी बसले. त्या परतीच्या प्रवासावर आंतोनीन माये या अकेडियन लेखिकेनं एक कादंबरी लिहिली आणि १९७९ मध्ये तिला फ्रान्सचा मानाचा गाँकूर पुरस्कार मिळाला. कॅनडातल्या लेखकाला तो पहिल्यांदाच मिळाला!

आज ज्याच्या नावाचं गाव, त्यानं हाकललेल्या लोकांची पणतवंडं त्याच गावात फ्रेंच विद्यापीठात शिकतात. १९६८ मध्ये याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी नगरपालिकेवर मोर्चा नेला होता. मागणी साधी होती. आमच्याशी फ्रेंचमध्येही बोला! तेव्हाच्या महापौरांनी ऐकलं नाही. पण पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, प्रांताचे मुख्यमंत्री लुई रोबिशो यांनी दोन्ही भाषांचा कायदा केला. ते स्वतः अकेडियन होते. आणि २००२ मध्ये मंक्टन शहरानंही ठराव केला. कॅनडातलं पहिलं अधिकृत द्विभाषिक शहर, मंक्टन!

वाजवा रे वाजवा!

आता कढई, झारा, पातेल्याचं झाकण, जे मिळेल ते हातात घे. आपण सणाला चाललोय!

अकेडियन लोकांचा राष्ट्रीय दिवस कोणता, ओळख. एक सूचना देते. त्या दिवशी तू शाळेत झेंडावंदनाला जातोस किंवा जातेस.

१५ ऑगस्ट! अगदी बरोबर! आपल्या स्वातंत्र्यदिनाशी त्याचा काही संबंध नाही हं. त्यांनी तो दिवस १८८१ मध्येच निवडला होता. मंक्टनजवळच्या मेमरामकुक गावी अकेडियन लोक जमले आणि मेरीमातेच्या सणाचा दिवस आपला म्हणून ठरवला.

या दिवशी लोक रस्त्यावर येतात आणि भांडी बडवतात! शिट्ट्या, भोंगे, घंटा, डबे, थाळ्या. अंगावर निळे, पांढरे, लाल कपडे, गालावर पिवळा तारा. त्यांच्या झेंड्यातला तारा! या दणदणाटाला म्हणतात ‘तँतामार’. आणि एरवी ‘आवाज कमी!’ म्हणून ओरडणारी आजी त्या दिवशी सगळ्यात पुढे!

हा गोंधळ कशासाठी? जगाला सांगायला, की आम्ही इथेच आहोत! हाकललं होतं ना आम्हाला? बघा, आलो परत!

आता ती १७ ची गोष्ट आठव. कॅराकेट नावाच्या गावातला तँतामार सगळ्यात नावाजलेला. तो संध्याकाळी पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी सुरू होतो. सहाला का नाही? साडेपाचला का नाही? फ्रेंच घड्याळात पाच पंचावन्न कसं लिहितात, लिही बघू.

१७:५५!

सतराशे पंचावन्न! ज्या वर्षी त्यांना हाकललं, ते वर्ष त्यांनी घड्याळात पकडून ठेवलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आणि हे लक्षात यायला घड्याळ फ्रेंच हवं. इंग्रजी घड्याळात ते नुसतं पाच पंचावन्न!

नावं ठेवू आणि जेवायला बसू

मंक्टन-डिएपच्या वर्गात हजेरी घेताना बाईंची काय धांदल उडत असेल! कारण लब्लां आडनावाची माणसं तिथे इतकी आहेत, की विचारू नकोस. आपल्याकडे कोल्हापुरात ‘पाटील!’ अशी हाक मारून बघ, तसं. मग जुन्या अकेडियन गावांत लोकांनी एक युक्ती काढली. नुसतं ‘पॉल’ म्हणायचं नाही. ‘पॉल आ झो आ प्येर’ म्हणायचं. म्हणजे प्येरचा मुलगा झो, झोचा मुलगा पॉल. आपण आपल्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो, ते तर आजोबांनाही सोबत घेतात!

भूक लागली? ‘पुतीन’ मागव. पण जपून! क्वेबेकमध्ये पुतीन मागितलंस तर येतील गरमागरम बटाट्याचे फिंगर चिप्स, वर चीजचे गोळे आणि वर ओतलेला तपकिरी रस्सा. मंक्टनच्या अकेडियन आजीकडे मागितलंस तर येईल ‘पुतीन रापे’, आणि तो पदार्थच निराळा! किसलेला कच्चा बटाटा आणि कुस्करलेला उकडलेला बटाटा एकत्र मळायचा, आत मांसाचं सारण भरायचं, मोठा लाडू वळायचा आणि पाण्यात कितीतरी वेळ शिजवायचा. रंग येतो करडा. दिसायला काही सुंदर नाही! आणि वर काय घालून खातात माहितेय? काही जण चक्क साखर किंवा काकवी!

एका पुलावर दोन वेळा

निघण्याआधी एक शेवटची जादू दाखवते. मंक्टन सोडून उत्तरेला जाऊ, न्यू ब्रन्सविकच्या टोकाला. इथे आहे कॅम्पबेल्टन गाव. समोर रेस्टिगूश नदी. नदीवर लांबलचक पूल. पलीकडे क्वेबेक प्रांत आणि प्वांत-आ-ला-क्रुआ हे गाव.

कॅम्पबेल्टनमधून सकाळी आठला निघ. पूल ओलांड. पाच मिनिटं लागली समज. पलीकडे किती वाजले असतील?

सात वाजून पाच मिनिटं! तू निघायच्या आधीच पोचलीस की काय? किंवा पोचलास?

जादू नाही ही. कॅनडा इतका रुंद आहे, की त्याच्या वेगवेगळ्या भागांत घड्याळं वेगवेगळी चालतात. पूर्वेकडे सूर्य आधी उगवतो ना! न्यू ब्रन्सविकचं घड्याळ क्वेबेकच्या या भागापेक्षा एक तास पुढे आहे, आणि त्या दोन वेळांची सीमा नेमकी या नदीतून जाते. ३१ डिसेंबरच्या रात्री तर धमालच! कॅम्पबेल्टनमध्ये बाराच्या ठोक्याला ‘हॅपी न्यू इयर’ ओरडायचं, मग पूल ओलांडायचा. पलीकडे वाजलेत फक्त अकरा. तासभर गाणी म्हणायची, आणि बाराला पुन्हा नवं वर्ष, या वेळी फ्रेंचमध्ये!

आणि अजून एक गुंता आहेच. प्वांत-आ-ला-क्रुआला लागूनच लिस्टुगुज ही मिकमाक लोकांची वस्ती आहे. म्हणजे नदीच्या क्वेबेककडच्याच बाजूला. पण तिथले लोक आपली घड्याळं पलीकडच्या न्यू ब्रन्सविकप्रमाणे लावतात! दोन काठ, तीन वस्त्या, तीन भाषा आणि दोन वेळा. तिथल्या मैत्रिणीनं सांगितलं, ‘वाढदिवसाला चार वाजता ये हं!’ तर आधी विचारायचं, ‘कुणाच्या चार वाजता?’ नाहीतर केक संपलेला असायचा!